बछेडा बाहेर काढताना

दिवाळी पाडव्याच्या आगेमागे अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो, त्यानंतर दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. या दिवसांत महूदच्या रस्त्यानं सांगोला तालुक्यात बरीच नवी जनावरं येतात. कुणी मारवाडी बछेडा आणतं, कुणी काठेवाडी रक्ताची बछेडी. कुणाची हौस असते, कुणाचा वरातीचा धंदा, तर कुणाला वारीत सेवा द्यायची असते. पिकअपचा फाळका पडतो, जनावर बिचकत खाली उतरतं, वस्तीवरची पोरं मोबाइल घेऊन धावतात. तोवर तुळशीची लग्नं उरकलेली असतात आणि लग्नसराई तोंडावर आलेली असते. मग लगेच पहिला फोन येतो, ‘वरातीला दोन तास द्या की, पावणं.’

इथंच घोळ होतो. जनावर अडीच-तीन वर्षांचं असतं. गोठा, पिकअप आणि बाजार याखेरीज त्यानं जगात काही पाहिलेलं नसतं. त्याला आपण एकदम डीजेपुढं उभं करतो, ते मागच्या पायांवर उभं राहिलं की ‘नाचतंय’ म्हणून पैसे ओवाळतो, आणि पुढच्या खेपेला उधळलं की ‘खोडील निघालं’ म्हणून निम्म्या किमतीत विकून मोकळे होतो. खोगीर टाकणारे, चाल काढणारे जाणकार प्रत्येक टापूत आहेत. बाहेर नेणं मात्र कुणी शिकवत नाही, कारण ती शिकवायची गोष्ट आहे असं कुणाला वाटतच नाही. हा लेख तेवढ्यापुरताच आहे. गोठ्याचं फाटक उघडण्यापासून पहिल्या गर्दीपर्यंतचे महिने कसे काढायचे, ते यात सांगतो.

धनगराच्या वाड्यावरचं शिंगरू कधी नीट बघा. चराईला बाहेर पडलेल्या वाड्यात सामान लादलेल्या घोड्या असतात. पाठीवर अख्खं बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोकरं, कोंबड्या, कधी एखादं लहान लेकरू. आणि घोडीच्या अंगाला अंग लावून मोकळं चालणारं शिंगरू. मालमोटारी, गावकुत्री, ओढ्याचं पाणी, रात्रीच्या बॅटऱ्या, परकी माणसं हे सगळं ते आईच्या आडोशानं बघतं. आई बुजत नाही म्हणून तेही बुजत नाही. पुढं त्याच्या पाठीवर पहिलं ओझं येतं, तेव्हा रस्त्यावरचं काहीच त्याला नवं राहिलेलं नसतं. हीच ती भीमथडी तट्टं. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडेच ही स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदली. उंचीत आणि देखणेपणात ती मारवाडीपुढं फिकी पडते, वरातीला तिला कुणी विचारत नाही. पण रस्त्यावरच्या शहाणपणात तिचा हात धरणारं जनावर मी पाहिलेलं नाही, आणि हे शहाणपण रक्तातून कमी आणि पायी चालण्यातून जास्त आलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. धनगराच्या शिंगराला जे फुकट मिळालं, तेच गोठ्यात वाढलेल्या महागड्या बछेड्याला आपण हिशेबानं, हळूहळू द्यायचं आहे.

त्याआधी दात बघा. समोरचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांला पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला. पाच वर्षांला तोंड भरतं. विकणारा वय वाढवून सांगतो, कारण ‘लगेच कामाला येतंय’ म्हटलं की भाव चढतो. बाजारात भोवरे बघण्यात जेवढा वेळ जातो तेवढा दात आणि खूर बघण्यात जात नाही. देवमन आहे का, पंचकल्याण आहे का, अमका भोवरा धन्याला जड जातो का, यावर हजारोंचा फरक पडतो. श्रद्धा ज्याची त्याला लखलाभ. समोरून उसाची ट्रॉली आली की भोवरा उपयोगी पडत नाही, एवढंच म्हणतो.

वयाचा प्रश्न हाडांशी आहे. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढ अडीच वर्षांच्या सुमारास पुरी होते. त्यामुळं जनावर खालून भक्कम दिसायला लागतं आणि माणूस फसतो. पाठीच्या मणक्यांची वाढ मात्र पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते, आणि बसायचं असतं ते पाठीवरच. म्हणून तिसरं वर्ष सगळं हातात धरून फिरवण्यात घालवा. चौथ्यात हलक्या अंगाचा जाणता स्वार थोडा वेळ बसू दे. नवरदेव पाच वर्षांनंतर. वजनाचा साधा हिशेब असा की खोगिरासकट सगळं ओझं जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये. तीनशे किलोच्या जनावराला साठ किलो झाले. शेरवानी घातलेला नवरदेव आणि त्याच्यापुढं बसवलेला भाचा मिळून किती होतात ते तुम्हीच ताडा. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारनं १९६५ साली केलेल्या नियमांतही तट्टावरच्या ओझ्याची हद्द सत्तर किलो ठेवली आहे.

नवं जनावर आणलं की पहिले दोन-तीन आठवडे ते तुमच्या इतर घोड्यांपासून लांब बांधा. बाजारातून खोकला, नाकातला शेंबूड, घशाच्या गाठी सोबत येतात, त्या एवढ्या दिवसांत दिसून येतात. धनुर्वाताची लस टोचून घ्या. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं जनावर दुसरं नाही, आणि आपल्याकडं वेड्या बाभळीचे काटे जागोजाग. याच दिवसांत घरचे धडे होतात. मोहरकीत तुमच्या खांद्याशी चालणं, थांब म्हटलं की थांबणं, छातीला हात लावला की दोन पावलं मागं सरकणं, चारही पाय उचलू देणं आणि बांधल्या जागी अर्धा तास गुमान उभं राहणं. एवढं येईपर्यंत फाटक उघडू नका. रस्त्यावर जनावर घाबरलं तर तुमच्या हातात एवढीच शिदोरी असते. मागं सरकायला शिकलेलं जनावर तुमच्या अंगावर येत नाही. पाय द्यायला शिकलेल्या जनावराच्या खुरातला खडा वाटेत काढता येतो.

दोर सुती घ्या, दहा-बारा फुटांचा. नायलॉनचा दोर हाताची साल काढतो. दोर हाताला गुंडाळू नका, कितीही सवय असली तरी नको. घड्या घालून मुठीत धरा. बांधताना एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारा, आणि लगामाला जनावर कधीच बांधू नका. घाबरून मागं ओढलं तर जबडा फाटतो. काटेरी लगाम तर घरातच आणू नका. १९६५ च्या त्याच नियमांनी असल्या लगामावर बंदी घातली आहे. तोंड फाटल्याच्या भीतीनं थांबणारं जनावर एक दिवस वेदनेनं पिसाळून पळतं, तेव्हा त्याला थांबवायला तुमच्याकडं काहीच उरत नाही.

आता बाहेर. सोबतीला जुनं, जाणतं जनावर हवं. शेजारच्या वरातीवाल्याची म्हातारी घोडी मिळाली तर सोनं. ती पुढं, बछेडा मागं, मध्ये दोन घोड्यांचं अंतर. म्हातारी पाण्याच्या डबक्यातून गेली की हाही जातो. पुढच्या आठवड्यात दोघं शेजारी, मग हा पुढं आणि ती मागं, आणि शेवटी हा एकटा. घोडी मिळत नसेल तर बैलगाडीमागून चालवा. आमच्या भागात खिलाराची जोडी मिळायला अडचण नाही, आणि बैलाच्या संथ चालीचा जनावरावर बरा परिणाम होतो.

वेळ सकाळची. ऊस चालू असेल तर ट्रॉल्या हलायच्या आधी निघा. पहिली फेरी वीस मिनिटांची पुष्कळ झाली. वस्तीपासून दोन बांध ओलांडून परत. लोक इथं हटकून घाई करतात. जनावर छान चाललं की ‘अजून थोडं’ म्हणून पुढं नेतात, ते दमतं, कंटाळतं, नेमकं तेव्हाच काहीतरी आडवं येतं, आणि दिवसाचा शेवट झटापटीत होतो. छान चाललंय तिथूनच वळा. जाताना एका वाटेनं, येताना दुसऱ्या वाटेनं आणता आलं तर फार चांगलं. एकाच वाटेनं येणारं जनावर घराकडं तोंड झालं की ओढायला लागतं आणि ती खोड पुढं जात नाही.

जाताना जनावराच्या कानांकडं लक्ष ठेवा. एक कान तुमच्याकडं, एक पुढं, मान खांद्याच्या सरळीत, पावलं सारखी पडताहेत म्हणजे सगळं ठीक. दोन्ही कान टवकारले, मान वर गेली, नाकपुड्या फुगल्या, पाठ ताठली म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय. आता तुमच्याकडं तीन-चार सेकंद आहेत. या सेकंदांत काय करता त्यावर पुढचं ठरतं.

 सांगोल्याचं डाळिंब इथल्या बछेड्याची पहिली परीक्षा घेतं. उन्हापासून आणि थंडीपासून फळ वाचवायला ओळीच्या ओळी पांढऱ्या कापडानं झाकतात. वारा नसताना ते कापड कुणाच्या ध्यानातही येत नाही. वारा सुटला की अख्खा प्लॉट हलतो, फुगतो, फडफडतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. कपाळाच्या अगदी पुढं आणि शेपटीच्या मागं थोडी जागा सोडली तर त्याला सगळीकडचं दिसतं, आणि हलणारं सगळ्यात आधी दिसतं. त्याच्या लेखी तो प्लॉट म्हणजे दबा धरून बसलेला मोठा प्राणीच.

जनावर प्लॉटच्या कोपऱ्यावर येऊन थांबतं. पाय रोवतं. फुरफुरतं, एकदा, दोनदा. इथं पुढं ओढू नका, मागून छडी लावू नका. ते जिथं थांबलं तिथंच उभं राहू द्या, पण वळून पळू देऊ नका. दोर सैल, तोंड कापडाकडं. तुम्ही त्याच्या आणि कापडाच्या मध्ये उभे राहू नका. उडी मारली तर तुमच्यावरच येईल. कापड उजवीकडं असेल तर तुम्ही डावीकडं, खांद्याशी. गप्प उभे राहा किंवा सोबत्याशी पावसापाण्याचं बोलत राहा. तुमचा आवाज नेहमीसारखा आहे हे त्याला कळायला हवं. थोड्या वेळानं मान दोन बोटं खाली येते. मग एक कान तुमच्याकडं वळतो. मग ते ओठ हलवतं, चघळल्यासारखं करतं, मोठा श्वास सोडतं. हे झालं की तुम्ही स्वतःहून त्याला चार पावलं मागं न्या. हो, मागं. त्याची ओढ मागं जायची होती, ती त्यानं धडपड न करता शांत झाल्यावर पुरी झाली. आता पुन्हा पुढं आणा. मघापेक्षा दोन पावलं जवळ येईल. पुन्हा थांबा, पुन्हा मागं. एका सकाळी कापडाला नाक लागलं तर उत्तम, नाही लागलं तर उद्या. मी अशा प्लॉटच्या कडेला अख्खी सकाळ उभा राहिलो आहे आणि बांधावरच्या माणसांच्या कोपरखळ्या ऐकल्या आहेत. ऐकाव्यात.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. डाव्या डोळ्यानं पाहिलेलं कापड उजव्या डोळ्याला ओळखीचं असतंच असं नाही. म्हणून परत येताना तोच प्लॉट दुसऱ्या बाजूला ठेवून सगळं पुन्हा करायचं. ‘जाताना गेलं होतं की, येताना का बुजलं’ असा प्रश्न पडणाऱ्यांना हे उत्तर.

झेनोफोन नावाचा एक ग्रीक सेनानी होता. त्यानं सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की शिंगराला मोतद्दारानं गर्दीतून न्यावं, नाना तऱ्हेचे देखावे आणि आवाज यांच्या जवळ न्यावं, आणि ते भ्यालं तर दरडावण्याऐवजी शांत करून त्यात भिण्यासारखं काही नाही हे पटवावं. भ्यालेल्या घोड्याला मारलं की भीती आणि मार यांची त्याच्या डोक्यात कायमची गाठ बसते. पुढं नुसतं कापड दिसलं तरी आता चाबूक येणार म्हणून ते आधीच उधळतं.

याच रीतीनं बाकीचं. ठिबकचा फिल्टर धुताना फस्सकन सुटणारं पाणी, फवारणीचा ब्लोअर, रस्त्यावर उडणारी प्लास्टिकची पिशवी, गिरणीचा पट्टा, शाळा सुटल्यावरचा कालवा. रोज एकच नवी गोष्ट, दोन नकोत. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर यांची सवय आपल्याच वस्तीवर, आपल्याच माणसाकडून करून घ्या. ट्रॅक्टर बंद उभा, त्याच्या बॉनेटवर चंदी. मग चालू पण उभा. मग ट्रॅक्टर पुढं आणि घोडा मागं. हा शेवटचा क्रम महत्त्वाचा आहे. जी वस्तू आपल्यापासून लांब जाते तिच्यामागं घोडा धिटाईनं चालतो. अंगावर येणारी वस्तू सगळ्यात शेवटी दाखवायची.

मिरज–पंढरपूर लोहमार्ग तालुक्यातून जातो, त्याचाही उपयोग करून घ्या. गाडीची वेळ माहीत असते, ही केवढी सोय. आधी दोन शेतं लांब उभं राहून गाडी जाऊ द्या, जनावर चरत असेल तर अधिक बरं. पुलाखालची मोरी मात्र घाईनं ओलांडायला लावू नका. घोड्याचा डोळा उन्हातून अंधारात गेल्यावर माणसाच्या डोळ्यापेक्षा उशिरा सरावतो. आपल्याला मोरी दिसते, त्याला आत काळं भोक दिसतं. तोंडाशी उभं करून डोळे स्थिरावू द्या.

माणच्या पात्राविषयी थोडं. नाझरे, वाढेगाव, मेथवडे या नदीकाठच्या गावांत वर्षाचा बराच काळ पात्र कोरडं असतं, आणि वाळूत घोडा पळवला की पायात ताकद येते ही समजूत घट्ट आहे. अर्धी खरी आहे. ओली, दाबलेली वाळू बरी. घोट्यापर्यंत पाय रुतणाऱ्या सैल वाळूत कच्च्या वयाचं जनावर पळवलं की पायाच्या मागच्या शिरा ओढल्या जातात, सुजतात, आणि ती सूज आयुष्यभर डोकं वर काढते. वाळूतून चालवा, दुडकीवरसुद्धा नको. उपशाचे खड्डे आणि बाभळीचे काटे आधी स्वतः चालून बघा.

ऊन वाढलं की फेऱ्या आणखी लवकर करा. सदतीस अंशांच्या वर तापमान गेलं तर दुपारी बारा ते तीन जनावराला जुंपू नये, लादू नये, असं १९६५ चे नियमच सांगतात. आमच्याकडं मार्चपासून ही वेळ येते. डांबरावर हाताचा तळवा टेकवून बघा, टेकवत नसेल तर नाल मारलेलं जनावरसुद्धा त्यावर चालवू नका. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये हा जुना धाक सोडून द्या. घोटाघोटानं देत राहा, अंगावर ओता, चालवत राहा. चंदी मात्र तासभर थांबून. दम किती लागला हे नाडीवर कळतं. जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवलं की ठोका लागतो. विसाव्यात तो मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असतो. फेरीवरून आल्यावर पंधरा मिनिटांत साठच्या खाली आला नाही तर फेरी जास्त झाली, उद्या सुट्टी.

पाठीवर स्वार घेऊन पहिली रपेट करताना वाट तीच ठेवा, जी जनावराला हातात धरून पाठ झाली आहे. नवी वाट आणि नवा स्वार एकाच दिवशी नको. पहिले काही दिवस खाली दोर धरणारा माणूस असू दे. तंग एकदम आवळू नका, थोडा आवळा, चार पावलं चालवा, मग दुसरं छिद्र. रिकिबीत पाय पूर्ण घालायचा नाही, चवडा टेकवायचा, म्हणजे पडलात तर पाय अडकून फरफटत जाणार नाही. आणि जनावर पळालंच तर दोन्ही हातांनी लगाम ओढू नका. घोडा तोंडावरच्या ओढीवर भार टाकून आणखी जोरात जातो. एक बाजू धरून मान वळवा, मोठ्या गोलात घ्या, गोल लहान करत आणा. हा गोल रिकाम्या शेतात चालीवर आधी शंभरदा करून ठेवलेला असला तरच वेळेला हाताला येतो.

आता गर्दी. सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार हे उत्तम ठिकाण आहे, पण तुम्ही समजता त्या वेळी नाही. पहिल्या रविवारी बाजार मोडल्यावर जा. मोकळं मैदान, शेणाचे वास, दोन-चार उरलेल्या म्हशी, टेम्पोत जनावरं चढवणारी माणसं. वासांची ओळख झाली की निम्मं काम होतं. पुढच्या खेपेला बाजार भरलेला असताना, पण कडेला, रस्त्यापलीकडं. आत घुसायचं नाही, कुणी ‘दाखवा की चाल’ म्हटलं तर हसून सोडून द्यायचं. नर बछेडा असेल तर घोड्यांच्या बाजारात घोड्यांपासून लांबच राहा. घोडी दिसली की शिकलेलं सगळं विसरतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. जिथं पाच-पन्नास घोडे एकत्र येतात अशा यात्रेला जाण्याआधी पशुवैद्यकाकडून ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग घोड्यातून माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि नमुना बाधित निघाला तर जनावराला मारावं लागतं. यात्रेत सामायिक हौदावर पाणी पाजू नका, आपली बादली न्या.

पिकअपमध्ये चढणं हाही एक धडाच आहे, आणि तो निघायच्या दिवशी शिकवायचा नसतो. गाडी बांधाला मागून लावा, फळी आडवी जाईल इतकी सपाट करा, आत कडबा ठेवा. चढलं की खाऊ द्या आणि उतरवा. असं काही दिवस केल्यावर एकदा गल्लीतून फेरी. चार माणसांनी ढुंगणाला दोर लावून कोंबलेलं जनावर मुक्कामाला पोचतं तेव्हाच निम्मं बिथरलेलं असतं, मग तिथं ते काय शिकणार?

वारीतले अश्व बघून पुष्कळांना वाटतं की आपलंही जनावर एक दिवस रिंगणात धावेल. वाटावं. पण माउलींच्या सोहळ्यातले अश्व कसे येतात तेही बघा. अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आळंदीपर्यंत गावोगावचे मुक्काम करत पायी येतात, मग सोहळ्याबरोबर पंढरीची वाट धरतात. पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाला, पहिलं गोल रिंगण सदाशिवनगरला पुरंदावड्यात. म्हणजे लाखोंच्या गर्दीत धावायच्या आधी त्यांनी टाळ-मृदंगाच्या आवाजात किती दिवस नुसतं चालून काढलेले असतात. टाळ सुरू झाल्यावर त्यांचे कान बघा, सैल असतात. तुमच्या बछेड्याला टाळांची सवय करायची तर गावच्या मंदिरात रोज काकडा किंवा हरिपाठ असतोच. बाहेर पिंपळाखाली जनावर घेऊन उभे राहा.

वरातीचा डीजे ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा आवाज कानावर नाही, छातीवर आदळतो, आणि घोड्याचं कातडं माशी बसलेलीसुद्धा ओळखतं. कानात कापूस घालून काही साधत नाही असं नाही, थोडं साधतं. पण सवय म्हणून कापूस घालू नका, आधार म्हणून घाला. जनावर पुढचे पाय उचलून ‘नाचतं’ तेव्हा ते खूश नसतं. त्याला पुढं जायला वाट नाही, मागं माणसं आहेत, तोंडात लोखंड आहे, उरते ती वरची दिशा. बांबूच्या छडीनं आणि पायांना दोर बांधून शिकवलेल्या या नाचाला मागणी आहे, पैसा आहे, हे मलाही ठाऊक आहे. पाच वर्षांत गुडघ्यातून मोडलेली अशी जनावरं याच बाजारांत मातीमोल भावानं उभी असतात, तीही जाऊन बघा.

तेव्हा पहिली सुपारी घ्याल तेव्हा बोलणी आधीच, आणि चारचौघांत करा. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत, एक तास. पाठीवर नवरदेव एकटाच, लेकरं नाहीत. डीजेची गाडी घोड्याच्या पुढं किमान पन्नास पावलं, फटाक्यांची माळ लागली की घोडा जागेवर थांबणार. दोर तुमच्याच माणसाच्या हातात, नवरदेवाच्या मित्रांच्या हातात नाही. सोबतीला जुनी घोडी, रिकामी का होईना, पुढं चालणार. मंडळींना हे जमत नसेल तर त्याच गावातल्या जाणत्या घोडीवाल्याचा नंबर देऊन टाका. त्याचा धंदा होईल, आणि पुढच्या आठवड्यात सोबतीसाठी त्याचीच घोडी मागायची आहे.